चतुर्थीचं पाणी

देवाचं एवढं करणाऱ्या माणसाला कॅन्सर कसा झाला, असं मला आमच्या कसबा पेठेतल्या निदान सहा जणांनी विचारलं. चौघांनी आडून, दोघांनी तोंडावर. आमच्याकडे धीर द्यायची ही एक पद्धत आहे. एरवी मीही काहीतरी खोचक बोलून त्यांना वाटेला लावलं असतं, पण तेव्हा गप्प बसलो, कारण तोच प्रश्न मी रोज पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या स्वतःला विचारत होतो. एकोणतीस वर्षं मी गणपतीची संकष्टी धरली होती. आणि ती साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि चार कप चहा अशी नव्हे. सकाळी उठल्यापासून चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. एवढं करून पदरात काय पडलं, तर प्रोस्टेटचा कॅन्सर. देवावर रुसायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मी सदाशिव पेठेतल्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. अल्फा, बीटा, गॅमा किरण फळ्यावर बाण काढून समजावले. ते एक दिवस स्वतःवर सोडून घ्यावे लागतील, हे काही डोक्यात आलं नव्हतं. रोग लवकर सापडला, हे नशीब. डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. म्हणाल्या, “काका, ऑपरेशनची गरज नाही, रेडिएशननं काम होईल. मात्र तुम्हाला एक गोष्ट अगदी न चुकता करावी लागेल.” मला वाटलं, आता पथ्यपाण्याची लांबलचक यादी येणार. त्या म्हणाल्या, “पाणी प्यायचं.”

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मूत्राशय पाण्यानं भरलेलं असलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात. रिकामं असलं की नको तिथे भाजतं. म्हणून आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी प्यायचं, पाऊण तास दाबून धरायचं आणि तसंच टेबलावर निजायचं. पहिला दिवस नुसत्या स्कॅनचा. त्या स्कॅनवरून सगळी आखणी करणार, कमरेवर तीन बारीक ठिपके गोंदणार, आणि त्यानंतर साडेपाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, पोटात तेवढंच पाणी घेऊन हजर राहायचं. “एवढंच ना?” आमची ही म्हणाली. हिला म्हणजे माझ्या बायकोला केमोचं नाव निघालं नाही याचाच इतका आनंद झाला होता की जिन्यातच तिनं गणपतीला हात जोडले.

घरी आल्यावर तयारी सुरू झाली, आणि ती पाहून मला माझ्या दहावीच्या वर्गाची आठवण आली. आमचा मुलगा मंदार हिंजवडीला एका आयटी कंपनीत आहे. तो आणि सूनबाई वाकडला राहतात, पण त्यानं बॅग उचलली आणि ट्रीटमेंट संपेपर्यंत आमच्याकडे राहायला आला. आल्या आल्या त्यानं लॅपटॉपवर तक्ता केला. उठायचं कधी, पोट साफ कधी, पाणी कधी, निघायचं कधी. हिनं स्वयंपाकघरातून वाल, पावटे, हरभरे, कोबी असं जे जे पोटात वारा धरतं ते हद्दपार केलं. रविवारी रंगीत तालीम झाली. मी अर्धा लिटर पाणी प्यायलो आणि मंदारनं मला गाडीत घालून हॉस्पिटलपर्यंत नेऊन परत आणलं. पुण्यातले स्पीडब्रेकर कुणी, कुठे आणि कशासाठी घातलेत, यावर त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो हसून हसून बेजार झाला. “बाबा, तुम्ही फर्स्ट क्लासमध्ये पास,” म्हणाला. कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला होता.

आणि सोमवारी हॉस्पिटलमधून फोन आला. स्कॅन उद्याच. मंगळवारी सकाळी अकराला या.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवायचीसुद्धा गरज नव्हती. उद्या अंगारकी होती. संकष्टी मंगळवारी आली की तिला अंगारकी म्हणतात, आणि ती पाळली की वर्षभराच्या चतुर्थ्या पाळल्याचं पुण्य, असं आम्ही मानतो. मी फोनवरच्या बाईंना म्हटलं, “बुधवार नाही का चालणार?” त्या म्हणाल्या, “मग एकदम दोन आठवड्यांनी, काका.” डॉक्टरीणबाईंनी तर बजावलं होतं की आता दिवस घालवू नका. आणि तारीख बदलून तरी काय साधणार होतं? साडेपाच आठवड्यांत एक तरी संकष्टी येणारच. तिला चुकवून जायला वाट नव्हती. फोन ठेवला तेव्हा ही शेजारीच उभी होती. “अहो, उद्या पाणी प्यावं लागेल,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बघू.” पस्तीस वर्षांच्या संसारात माझ्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असाच निघत आला आहे. तिनं तोच घेतला.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगतो. मंदार चार वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टर आमच्याशी बोलताना आमच्या तोंडाकडे बघायचे बंद झाले, तेव्हाच मी समजलो. मी हॉस्पिटलातून उठलो, पायी आमच्या पेठेतल्या गणपतीपुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, याला उठव. हा जिवंत आहे तोवर मी संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय पाणी पिणार नाही. मागे-पुढे काही विचार केला नाही, जे तोंडात आलं ते बोललो. त्याच दुपारी पोराचा ताप उतरला, आणि शुद्धीवर येऊन त्यानं पहिलं काम काय केलं, तर सलाईन लावणाऱ्या सिस्टरच्या हाताला कडकडून चावला. मी तिथे जमिनीवर बसून रडलो.

हे मी हिलाही कधी सांगितलं नाही. सांगितलं की ओझं तिच्याही डोक्यावर, असं मला वाटायचं. तिला एवढंच माहीत की नवरा हट्टी आहे. एकदाच माझ्याकडून मोडलं. निवडणुकीच्या कामावर एका गावी होतो, ऐन उन्हाळा, भोवळ येऊन खाली बसलो आणि कुणीतरी तोंडाला लावलेला तांब्या मी घटाघटा प्यायलो. घरी आलो तर मंदारचा हात प्लॅस्टरमध्ये. सायकलवरून पडला म्हणाले. तो तेव्हा नववीत होता. तेव्हापासून माझी खात्रीच झाली. वर्गात मी मुलांना सांगायचो की एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी झाली असं नसतं. शाळा सुटली की हे सगळं मी शाळेतच ठेवून घरी यायचो. कारण प्रश्न माझ्या पोराचा होता. तेव्हा अंगारकीच्या सकाळी माझ्या मनात माझ्या दुखण्याची भीती अशी नव्हतीच. मी सत्तरीला आलेला माणूस. पण मी पाणी प्यायचं आणि त्याची किंमत मंदारनं द्यायची, हे मला जमणार नव्हतं.

मंदार आम्हाला हॉस्पिटलच्या दारात सोडून ऑफिसला गेला. हातात मोठी बाटली देऊन गेला. दहाच्या सुमाराला ही फाईल घेऊन खिडकीशी रांगेत उभी राहिली. मी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेलो, इकडे तिकडे पाहिलं, नळ सोडला आणि त्याच्या आवाजात बाटलीतलं पाणी हळूहळू ओतून टाकलं. मग रिकामी बाटली हिच्या हातात दिली. “सगळं प्यायलात? शाबास!” ती म्हणाली. मी मान हलवली. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना मी मान हलवण्यावरूनच ओळखत असे.

स्कॅनच्या खोलीत नागपूरकडची एक तंत्रज्ञ मुलगी होती. तिनं मला टेबलावर निजवलं, पाय सरळ ठेवायला लावले, बाहेर जाऊन मशीन लावलं आणि थोड्या वेळानं परत आली. “काका, पाणी पेले होते न तुम्ही?” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “मंग गेलं कुठं?” मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “एक वाजेपर्यंत तुमची जागा ठेवते. तोवर भरून या. नाही जमलं तर पुढच्या तारखेला बघू.” एवढं बोलून त्या गेल्या. ही मंदारला फोन लावायला बाहेर धावली. आणि मी बाकावर जाऊन बसलो. माझ्याइतकं खोटारडं आणि इतकं घाबरलेलं म्हातारं त्या हॉलमध्ये दुसरं नसावं. मी मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, तूच सांग आता. एकीकडून तू धरलंयस, दुसरीकडून डॉक्टरांनी. मी कुणाचं ऐकू? आणि खरं सांगायचं तर उत्तर येईल असं मला वाटलंही नव्हतं.

“मास्तर, एक इचारू का? रागावू नका.”

शेजारी एक बाई येऊन बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मी मास्तर हे यांना कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा तोंडावर लिहिलेलं असतं. त्या लोणी काळभोरच्या. त्यांच्या यजमानांना घशाचा कॅन्सर होता, आणि त्यांना रोज शेक द्यायला, म्हणजे रेडिएशनला, त्या घेऊन येत असत.

“मघाशी बेसिनात पानी का वतलं? म्या बघितलं. डाक्टर तर प्या म्हनत्यात.”

पकडलं गेल्यावर माणसाला कधी कधी बरंही वाटतं. एकोणतीस वर्षं बायकोला जे सांगितलं नाही ते मी त्या परक्या बाईंना पाच मिनिटांत सांगून टाकलं. मेंदूज्वर, नवस, निवडणुकीचा तांब्या, मोडलेला हात, सगळं. त्या मध्ये एकदाही ‘अगं बाई’ किंवा ‘अरेरे’ म्हणाल्या नाहीत. भाजी निवडताना बायका ऐकतात तसं खाली बघून ऐकत राहिल्या.

“पोरगं काय करतंय आता?”

“कॉम्प्युटरमध्ये आहे. हिंजवडीला.”

“लगीन?”

“झालं.”

“मग ब्येस हाय की.” मग म्हणाल्या, “मास्तर, ज्या देवानं तवा तुमचं ल्येकरू उठवलं, त्यो आता त्याच्या बापाला मारायला बसलाय व्हय? आसा कसा वो तुमचा देव?”

मला एकदम राग आला. माझ्या देवाबद्दल असं बोलणाऱ्या या कोण? आणि पुढच्याच क्षणाला लक्षात आलं की त्या माझ्या देवाची बाजू घेत होत्या. त्याच्यावर नाही नाही ते आरोप इतकी वर्षं मीच करत आलो होतो.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि औषधाची असते तेवढी एक छोटी बाटली काढली. “सकाळी थेऊरला जाऊन आले. अंगारकी हाय न्हवं? ही गर्दी! चिंतामनीचं तीर्थ हाय. मालकांच्या घशाला लावाया आनलंय. तीर्थाला न्हाई म्हनत न्हाईत.”

माझा उजवा हात आपोआप पुढे झाला. तीर्थ कुणी दिलं की हात असाच पुढे होतो, त्याला डोकं लागत नाही, आणि तीर्थानं उपवास मोडत नाही हे तर घरातलं पोरही सांगेल. पण बाईंनी माझ्या हातावर थेंब टाकलाच नाही. त्या उठल्या, हिनं बाकावर ठेवलेली आमची रिकामी बाटली उचलली, कूलरखाली धरून गळ्यापर्यंत भरली. मग आपल्या बाटलीचं बूच काढलं आणि तीर्थ त्या पाण्यात ओतलं. दोन थेंब नव्हे. सगळंच्या सगळं. उलटी करून शेवटचा थेंबही झटकला.

“अहो, तुमच्या यजमानांसाठी आणलेलं ना ते!” मी म्हटलं.

“त्यास्नी उद्या परत आनीन. थेऊर काय पळून जातंय व्हय?” त्यांनी बाटली माझ्या हातात दिली. “आता ह्ये समदंच तीर्थ. प्या.”

मी विज्ञानाचा मास्तर. लिटरभर पाण्यात एवढंसं काही मिसळलं की त्याचं काय उरतं, यावर मी कितीदा गणितं घातली आहेत. ती सगळी त्या क्षणी डोक्यात आली आणि तशीच निघून गेली. माझ्या डोळ्यांपुढे ती झटकलेली रिकामी बाटली होती. नवऱ्याच्या घशासाठी गर्दीत उभं राहून आणलेलं तीर्थ एका अनोळखी माणसासाठी असं रितं करायला मन किती मोठं लागतं! मी बाटली तोंडाला लावली. पाणी घशाखाली उतरत होतं आणि डोळ्यांतून बाहेरही येत होतं. संकष्टीच्या दुपारी पाणी कसं लागतं हे मी विसरूनच गेलो होतो. फार गोड लागलं.

तेवढ्यात ही परत आली आणि मला पिताना पाहून थबकली. “आत्ता पिताय? मग मघाशी काय प्यायलात?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “मघाशी खोटं बोललो.” तिनं माझ्याकडे, मग त्या बाईंकडे पाहिलं. मग मला सरकवून शेजारी बसली आणि पाऊण तास होईपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली. साडेबाराला मी पुन्हा आत गेलो. या वेळी पडद्यावर सगळं मनासारखं दिसलं. कमरेवर तीन ठिपके गोंदून झाले. बाहेर येऊन बघतो तर बाई नव्हत्या. यजमानांचा शेक आटोपून त्या दीडची गाडी धरायला निघून गेल्या होत्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

इथे मी संपवलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण माझी भीती काही तीर्थात वाहून गेली नव्हती. त्या संध्याकाळी मंदारला यायला उशीर झाला आणि मी गॅलरीत येरझाऱ्या घालून हिला वैताग आणला. तो साडेआठला आला, गाडीची किल्ली ठेवून म्हणाला, “काय ट्रॅफिक होतं, बाप रे!” आणि मी देवघरात जाऊन दिवा नीट करायच्या निमित्तानं पाठमोरा उभा राहिलो. मनाची समजूत घातली की ते तीर्थ होतं, पाणी नव्हतं, नवस शाबूत आहे.

रेडिएशन सुरू झालं. पाणी, पाऊण तास, टेबल, भोवती फिरणारं मशीन, की घरी. त्या बाई मला त्यानंतर दोनदाच दिसल्या, तेही लांबून, यजमानांचा हात धरून जाताना. तिसऱ्या आठवड्यात पुढची संकष्टी आली. या वेळी मंदारनं सुट्टी घेतली होती. मी सकाळी लवकर आंघोळ करून पेठेतल्या गणपतीला गेलो. खिशात छोटी बाटली होती. युक्ती आता माहीत झाली होती ना! तीर्थ घ्यायचं, पाण्यात घालायचं, प्यायचं. गुरुजींनी पळी पुढे केली तेव्हा माझा हात खिशात गेला, आणि तिथेच राहिला. मला स्वतःची लाज वाटली. त्या बाईंनी ओतलं ते मायेनं. मी ओतणार होतो ते पळवाट म्हणून, देवाला शब्दात पकडायला. मी तीर्थ हातावर घेतलं, प्राशन केलं आणि म्हटलं, देवा, हा पोरगा तेव्हाही मी नाही वाचवला, तू वाचवलास. आजही माझ्या न पिण्यावर तो जगत नाही. मला हे कळतं, पण वळत नाही. तेवढं तू बघ.

हॉस्पिटलच्या बाकावर मंदारनं घड्याळ पाहून बाटली पुढे केली. “चला, वेळ झाली.” मी बाटली घेतली आणि उघडली नाही. मग त्याला सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघवेना, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघून सांगितलं.

तो म्हणाला, “म्हणजे मला जिवंत ठेवायचं काम एकोणतीस वर्षं तुम्ही एकट्यानं करत होतात?” त्याचा आवाज चिडका होता, पण चिडलेला माणूस असा नाक ओढत नाही. “आणि बाबा, तो हात. मी सायकलवरून नव्हतो पडलो. तुम्ही इलेक्शन ड्यूटीला गेलात म्हणून तुमची स्कूटर काढली होती. आईला अजून माहीत नाही.”

मी हसलो. पण खरं सांगतो, त्यानं भीती गेली नाही. भीतीला असले पुरावे पुरत नाहीत. मंदारनं बाटलीचं झाकण उघडून दिलं आणि म्हणाला, “प्या, बाबा. घाबरायचंच असेल तर आता दोघं मिळून घाबरू.”

मी प्यायलो. साधं, कूलरचं, जरा क्लोरीनचा वास येणारं पाणी. मोरयाचं नाव घेतलं आणि प्यायलो.

आता या सगळ्याला दोन वर्षं झाली. ट्रीटमेंट पुरी झाली, रिपोर्ट चांगले येतात, आणि नाही आले तर तेव्हाचं तेव्हा बघू. संकष्टी मी अजूनही करतो. पाणी पितो. लोणी काळभोरच्या त्या बाईंचं आणि त्यांच्या यजमानांचं भलं व्हावं म्हणून रोज हात जोडतो, नाव माहीत नसल्यानं नुसतं ‘त्या बाई’ म्हणतो. त्याला समजत असावं. त्यांना कुणी पाठवलं, त्याच दिवशी, तेच तीर्थ घेऊन, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. इतकी वर्षं मी देवावर सोपवलं असं म्हणायचो आणि सोपवलेलं पुन्हा स्वतःच घट्ट धरून बसायचो, एवढं मात्र मला तेव्हा कळलं.

पण कृपा म्हटली की मला आठवतो तो त्या दुसऱ्या संकष्टीचाच दिवस. मी आत टेबलावर होतो. मशीन कमरेभोवती सावकाश फिरत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की आज आपण मंदारसाठी काहीच मागितलं नाही. बाहेर आलो तर तो बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, मान एका बाजूला, तोंड उघडं. लहानपणीच्या त्या दुखण्यानंतर हा झोपला की मी गुपचूप त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायचो. लग्न होऊन तो वाकडला गेला तरी, घरी येऊन दुपारचा आडवा झाला की माझं बोट जायचंच. त्या दिवशी मी बोट धरलं नाही. तो उठेपर्यंत त्याच्या शेजारी नुसता बसून राहिलो.